आमच्या पोरीसारखी लंगडी

लंगडी खेळताना मी कधी रडीचा डाव खेळले नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात लपवाछपवी बरीच आहे, आणि ती सगळी माझीच आहे.

आमचं गाव जवळा बाजारापासून दोन कोसांवर, कापसाचं आणि ज्वारीचं. राज्य निजामाचं होतं, पण रिकाम्या खळ्यावर राज्य आम्हा पोरींचं. शेणानं सारवून सारवून टणक झालेली जमीन, त्यावर राखेनं मोठा चौकोन आखायचा. एका बाजूच्या पोरी आत पळणार, दुसऱ्या बाजूची एक पोर एका पायावर उड्या मारत त्यांना शिवणार. दुसरा पाय टेकला की बाद. मी कायम उजव्या पायावर घालायची, आणि एका दमात पाच-पाच पोरी शिवून मगच पाय टेकायची. बाकीच्या पोरी मला आपल्या बाजूला घ्यायला भांडायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग त्या वर्षी मी एकदम वाढले. चौदावं लागलं होतं. पावसाळ्याआधी शिवलेला परकर पावसाळा सरेपर्यंत पोटरीवर आला, आणि मायनं तो धाकट्या बहिणीला देऊन मला लुगडं नेसवलं. हातपाय लांब झाले, पण ते माझेच आहेत असं काही वाटेना. उंबऱ्याला ठेच, चौकटीला कोपर, चुलीपुढून उठले की शिंक्यातल्या गाडग्याला डोकं. "डोळे हायत का भोकं?" माय ओरडायची. डोळे होते की! डोळ्यांना उंबरा दिसायचा, पण पाय किती उचलायचा हे पायाला उमगायचं नाही. काल बराबर जमलेली गोष्ट आज जमेना, आणि कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मी आधीच तापट, त्यात हे. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर डाफरत होते.

लुगड्याबरोबर मायनं फर्मानही काढलं होतं. "आता खळ्यावर पाय टाकायचा न्हाई. आता का लेकरू हायस तू?"

मी गेलेच. दिवाळी तोंडावर आली होती, नव्या हंगामासाठी खळं नुकतंच सारवून ठेवलं होतं. लुगड्याचा ओचा खोचला आणि उजव्या पायावर निघाले. तिसऱ्याच उडीला तोल गेला, डावा पाय टेकला. बाद! पोरी हसल्या. मला! मला हसल्या! पुन्हा डाव आला तेव्हा मी रागानं सुसाट निघाले. एक पोर अगदी हाताशी आली, मी गर्रकन वळले. वरचं अंग वळलं आणि पुढं गेलं, पाय मागंच राहिला. सावरायला डावा पाय खाली आला तो नेमका मळणीचे बैल बांधायच्या मधल्या खुंटासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात. आतून कट् असा आवाज आला. मी मटकन खाली बसले आणि ब्रह्मांड आठवलं म्हणतात ते काय असतं ते मला तिथं कळलं.

घोटा टम्म सुजला. पण सांगणार कुणाला? सांगितलं असतं तर खळ्यावर गेल्याचं कळलं असतं. लुगड्याचा तेवढा एक उपयोग झाला, पाय झाकला. आठ-दहा दिवसांत सूज उतरली, दुखणंही बरंच कमी झालं, पण घोटा ढिला पडला तो पडलाच. सपाटीवर बरा असायचा. ढेकळावर, दगडावर पडला की आपोआप आत वळायचा. मग मी सगळा भार उजव्यावर टाकायला शिकले. उजवी कंबर बाहेर काढून, डाव्याची नुसती बोटं टेकवून उभी राहायची. महिन्याभरात ती अशी सवय झाली की नीट उभं कसं राहायचं हेच मी विसरले.

आणि अशात काका ते वाक्य बोलून बसले.

काका म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. मोठ्या मनाचे, पण जिभेला हाड नाही. सेनगावकडच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती. मुलाचे वडील जवळा बाजारच्या बाजाराला आले होते, तिथं काकांची आणि त्यांची गाठ पडली. दोघं चहा प्यायला बसले. त्यांनी सहज विचारलं, "पोरगी कशी हाय तुमची?" काकांची छाती फुगली. त्यांना माझ्या खेळाचं भलतं कौतुक. ते म्हणाले, "आवो, काय सांगू तुमाला! आमच्या पोरीसारखी लंगडी साऱ्या मुलखात शोधून सापडायची न्हाई!"

समोरचे गृहस्थ "अस्सं?" म्हणाले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेले.

काका घरी आले ते उड्या मारतच. "काम फत्ते समजा दादा," ते आबांना म्हणाले. "ऐकून मानूस इतका खूश झाला, त्याच्या तोंडातून शबूद फुटंना!"

चार दिवसांनी निरोप आला. माणूस भला होता, निरोपही भल्या शब्दांतच होता. सोयरीक देवानं ठरवायची असते, तुमच्या घराण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण आमचं शेतावरचं घर, पोरगी लंगडी असेल तर तिचीच तकलीफ होईल, म्हणून आमाला माफी असावी.

आबांनी काकांकडं बघितलं. काकांनी तोंडाचा आ केला. मग दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "आरं देवा! मी खेळाचं म्हनलं व्हतं! खेळाचं!" आणि काय झालंय ते कळताच घर जे हसत सुटलं ते सुटलंच. माय पदर तोंडात कोंबून हसत होती, आबासुद्धा भिंतीला टेकून हसले. काका स्वतःच सगळ्यात जास्त हसले. मी एकटी चुलीपुढं बसून राहिले. हसू कसं येणार? चुकून का होईना, काकांनी खरं तेच सांगितलं होतं. मी खरंच लंगडी होते, आणि ते फक्त मला माहीत होतं.

काका दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून खुलासा करायला गेले. पण मुलाची आई पक्की बाई निघाली. "आता सारवासारव करायला खेळाचं नाव सांगून राहिले," असं ती म्हणाली. मुलाच्या वडिलांनी मध्यममार्ग काढला. कापसाची वेचणी उरकली की आम्ही येतो, आमच्या डोळ्यांनी पोरगी चालताना बघतो, मग काय ते बोलू. काका खूश होऊन परत आले, आणि हा सगळा किस्सा त्यांनी वाटेत भेटेल त्याला रंगवून सांगितला. झालं! दोन दिवसांत गावातली बारकी पोरं मला बघून "लंगडी आली, लंगडी आली" करायला लागली. विहिरीवर एक बाई तर माझ्या पायाकडं टक लावून म्हणाली, "आगं, खरंच लंगडतीस का काय गं?" "तुमच्या डोळ्याला झालंय काय ते बघा," मी म्हटलं आणि घागर उचलली. पण आता सगळ्या माझ्या पायाकडं बघत होत्या, आणि कुणी पायाकडं बघत असलं की माणूस चालणं विसरतं हे मी तेव्हा शिकले. विहिरीपासून आमच्या घराच्या वळणापर्यंत मी कशी आले ते माझं मला ठाऊक.

लग्न मला करायचं होतं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. पण एक पक्कं कळत होतं. पाहुणे आले, त्यांनी मला चालवून बघितलं आणि लंगडी म्हणून नको म्हटलं, की तो शब्द जन्माचा चिकटला. मग ना सेनगावकडून कुणी येणार, ना औंढ्याकडून. माझ्यामागं धाकटी होती, तिच्याही सोयरिकीत "मोठी लंगडी हाय" हे आधी निघणार. आबा तर मान खाली घालून बाजारातून फिरले असते. हे सगळं डोक्यात घोळायचं आणि मला जेवण जाईना.

धरलं मला आत्यानं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माघारी आलेली. तिची नजर फार तीक्ष्ण. एका सकाळी मी खांबाला टेकून ताक घुसळत होते. ती आली, आणि काही न बोलता माझ्या उजव्या कंबरेत बोटानं असा काही गुच्चा दिला की मी डाव्या अंगावर कलंडलेच.

"कवापासून?" तिनं विचारलं.

मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि तिनं दिल्याही. शिव्या देता देताच माझा घोटा हातात घेऊन इकडं तिकडं वळवून बघितला. "हाड मोडल्यालं न्हाई," ती म्हणाली. "पाय भ्यालाय नुसता. उद्यापासून माझ्यासंगं शेतात चल. मायला सांग, गवत आनायला चालले."

देवा, त्या शब्दांनी मला जो धीर आला! पाय भ्यालाय. म्हणजे गेलेला नव्हता.

आत्यानं आयुष्यभर पाणी वाहिलं होतं, डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर एक. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, पण तोल म्हणजे काय हे तिच्या अंगाला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तिनं मला बांधावरच्या बाभळीला हात लावून डाव्या पायावर उभं केलं. दुसरं काही नाही, नुसतं उभं. दहाच्या पुढं मोजता येईना, घोटा थरथरायला लागायचा. "पायाकडं बघू नगंस," ती ओरडायची. "समोर बघ. त्या धुऱ्यावरचा दगूड दिसला? त्याच्याकडं बघ." खरंच, पलीकडच्या बांधावरल्या त्या दगडावर नजर लावली की अंग जागेवर राहायचं. चार दिवसांनी बाभळीवरचा हात सोडायला लावला. मग नांगरटीच्या भुसभुशीत मातीत उभं केलं, तिथं पायाखालचं सगळंच सरकायचं. मी धपाधप पडले. एकदा अशी पडले की तोंडात माती गेली, आणि मी उठून आत्यालाच शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "झालं? आता पुन्ना उभी राहा."

मग तिनं डोक्यावर घागर दिली, ती अर्धीच भरलेली. भरलेल्या घागरीतलं पाणी मुकाट राहतं. अर्ध्या घागरीतलं आपल्याबरोबर हिंदकळतं, आणि आपण सावरलो की ते उलट्या बाजूला जातं. ती घेऊन बांधावरून चालायचं. उजवी कंबर बाहेर गेली की पाणी खांद्यावर. पंधरवड्यात मी सरळ उभी राहायला लागले ती त्या पाण्याच्या भीतीनं. गारठ्याचे दिवस होते, सकाळी सकाळी भिजायची हौस कुणाला?

शेवटी आत्यानं डोळे मिटायला लावले. ते सगळ्यात अवघड. डोळे मिटले की ना दगड, ना बांध, ना वर, ना खाली. पहिल्यांदा मिटले आणि तीन मोजायच्या आत आडवी झाले. पण रोज करता करता एक वेगळंच जाणवायला लागलं. तळपाय स्वतःच चाचपडून बघत होता. अंगठा दाबत होता, टाच सोडत होती, करंगळी जमीन धरत होती. हे सगळं तो माझ्या आधीच करून मोकळा व्हायचा. ज्या दिवशी मी डोळे मिटून डाव्या पायावर वीसपर्यंत उभी राहिले, त्या दिवशी घरी येताना मी गाणं म्हणत आले. मायनं विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, गवत.

एवढं झालं तरी डाव्या पायावर उडी मारायला मात्र जमत नव्हतं. एक, दोन, फार तर तीन. चौथीला घोट्यात कळ यायची. "ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "चालायलाच सांगतील, उड्या कोन मारायला लावतंय?"

पाहुणे आले. मुलगा आला नव्हता, तशी पद्धतच होती. त्याचे वडील, आई आणि गाडीवान. मी पोहे दिले, नमस्कार केला. मग मुलाच्या आईनं तुळशीपर्यंत चालून यायला सांगितलं. गेले, आले. अगदी सरळ. दारामागं उभ्या असलेल्या आत्याचा श्वास मला ऐकू आला.

मुलाची आई म्हणाली, "चालती बराबर. पन तुमी तर खेळातली लंगडी म्हनला व्हता. मग घालून दाखवू द्या की. मनात शंका कशाला?"

काका उत्साहानं म्हणाले, "दाखव गं!" काकांना काय! मी ओचा खोचला, उजव्या पायावर लंगडी घातली आणि अंगणाला आख्खा वेढा मारून आले. गाडीवानानं "वाऽ" म्हटलं. मुलाच्या आईच्या तोंडावर जरासं हसू आलं. मला वाटलं, सुटले!

"आता डाव्यावर," ती म्हणाली.

मी डावा पाय रोवला, उजवा उचलला. एक. दोन. तीन. तिसऱ्या उडीला घोट्यात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. चौथी मारली असती तर पडलेच असते. पाय टेकला असता तर बाद! मी तिथंच थांबले, अंगणाच्या मधोमध, डाव्या पायावर. उडी मारेना, पाय टेकेना. हट्टच पेटला. उभी करायची ना मला? ही बघा उभी. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले, आणि पाय आपला करंगळीनं जमीन धरून राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. घोटा ठणकत होता. कुणीच बस म्हणेना.

मग आबांचा आवाज आला. अगदी जवळून, हळू.

"टेकव आता पाय, बाळ. डावा दुखून राहिला तुजा."

मी डोळे उघडले. आबा माझ्यापुढं उभे होते, आणि सगळं अंगण त्यांच्याकडं बघत होतं. दारामागं आत्यानं कपाळावर हात मारला. मायला तर काही कळेना.

"दुखतो? काहून दुखतो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"मुरगळला व्हता, दिवाळीत," आबा म्हणाले. "जन्माचं काही न्हाई. पन तुमच्यापासून झाकून मला पोरगी द्यायची न्हाई, आन् तिला असं उभं ठिवून तर मुळीच न्हाई. तुमी न्हाई म्हना, राग न्हाई."

संपलं, मला वाटलं. महिनाभराची सगळी मेहनत बापानं एका वाक्यात मातीत घातली. मी पाय टेकला आणि तिथंच बसले.

मुलाची आई उठली. पदर सावरत माझ्यापाशी आली, खाली बसली, आणि माझा डावा पाय उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतला. परक्या घरची, वडीलधारी बाई, आणि माझा मातीनं भरलेला पाय तिच्या चांगल्या लुगड्यावर! मी ओढून घ्यायला गेले तर तिनं घट्ट धरला. अंगठ्यानं दाबत दाबत गेली आणि नेमक्या जागी थांबली. "हितं?"

"व्हय," मी म्हटलं.

"आन् एवढा येळ उभी व्हतीस!" ती म्हणाली. मग नवऱ्याकडं बघून, "बसून काय राहिले? कुंकू लावायचं बघा. आन् कुनीतरी त्याल गरम करून आना आधी."

मी हमसून हमसून रडले. लाज वाटली नाही. छातीवरचा धोंडा उतरला की रडूच येतं, हसू मागून येतं. काकाही रडत होते, आणि रडता रडता ओरडत होते, "बघा! मी म्हनलं नव्हतं?" बाकीच्यांनी त्यांना काही म्हटलं असेल तर असो. मी म्हटलं नाही.

पाहुण्यांची गाडी गेली तेव्हा दिवस कलला होता. आबा गोठ्यात बैलांपुढं कडबा टाकत होते. मी जाऊन उभी राहिले, दोन्ही पायांवर.

"आबा, तुमाला कवा कळलं?"

"दिवाळीतच," ते म्हणाले. "सकाळी सडा टाकला व्हता, तू त्याच्यावरून पानी घिऊन गेलीस. उजवं पाऊल पुरं उठलं व्हतं, आन् डाव्याची नुसती बोटं."

मला रागच आला. दोन महिने मी जीव मुठीत धरून हिंडले, कोपऱ्यात रडले, खोटं बोलले, आणि ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक! "मग बोलला काहून न्हाई?" मी जवळजवळ ओरडलेच.

आबांनी कडब्याची पेंडी सोडली, बैलापुढं सारखी केली.

"तू लपवून राहिली व्हतीस ना," ते म्हणाले. "तुला वाटत व्हतं, आबाला कळू नये. मग मला न्हाई कळलं."